झाकली मूठ आणि उघडे दार

राष्ट्राच्या संरक्षणाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे सीमा उभी राहते आणि तिच्यावर पहारा देणारा जवान उभा राहतो. परंतु ज्या शत्रूला सीमा ओलांडण्याचे कष्टच घ्यावयाचे नाहीत, त्याच्या दृष्टीने राष्ट्राची मर्मस्थाने वेगळी आहेत. वीजकेंद्रे, पाणीपुरवठा, रेल्वेचे सिग्नल, रुग्णालये, बँकांचे व्यवहार, या साऱ्यांचा कारभार आज संगणकाच्या हवाली झालेला आहे. आणि संगणकापर्यंत पोहोचावयास पारपत्र लागत नाही. म्हणूनच या मर्मस्थानांच्या रक्षणाचा प्रश्न केवळ तज्ज्ञांचा राहिलेला नसून, तो नळ उघडणाऱ्या व लोकल पकडणाऱ्या प्रत्येक नागरिकाचा झालेला आहे.

वीज गेली म्हणजे काय होते, याचा अनुभव मुंबईकरांनी १२ ऑक्टोबर २०२० रोजी घेतला. उच्चदाबाच्या वाहिन्या बंद पडल्या आणि सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे व नवी मुंबई येथील वीज गेली. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या; करोनाच्या ऐन साथीत रुग्णालयांना जनित्रांचा आधार घ्यावा लागला; काही उपनगरांत दिवे लागेपर्यंत रात्र झाली. वस्तुतः अशा प्रसंगासाठीच मुंबईत ‘आयलंडिंग’ची व्यवस्था कित्येक वर्षे सज्ज होती. बाहेरचे वीजजाळे कोसळू लागले की शहराने त्यापासून तत्क्षणी अलग व्हावे आणि आपल्या हक्काच्या वीजकेंद्रांवर निकडीची गरज भागवावी, अशी ती योजना. ज्या दिवसासाठी ती होती, नेमक्या त्याच दिवशी ती निष्फळ ठरली.

हे घडले कशामुळे? १ मार्च २०२१ रोजी राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर घातपाताची शक्यता बोलून दाखविली. लगोलग तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी हा सायबर हल्ला नसून मानवी चूक होती, असे सांगितले. दोन जबाबदार मंत्री असे परस्परविरुद्ध बोलू लागले, तर नागरिकाने विश्वास कोणावर ठेवावा? कुडनकुळम अणुवीज प्रकल्पाच्या बाबतीतही हेच झाले. २९ ऑक्टोबर २०१९ रोजी प्रकल्पाने सायबर हल्ल्याची वार्ता साफ नाकारली. दुसऱ्याच दिवशी अणुऊर्जा महामंडळाने एका संगणकात घातक आज्ञावली सापडल्याचे मान्य केले. तो संगणक प्रशासकीय कामाचा होता, अणुभट्टीच्या नियंत्रणाशी त्याचा संबंध नव्हता, हा खुलासा खराच दिलासा देणारा होता. तथापि तो आदल्या दिवशीच केला असता, तर त्यावर अधिक विश्वास बसला असता.

अशा यंत्रणांच्या रक्षणासाठी आपल्याकडे काहीच नाही, असे नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायद्यान्वये २०१४ साली यासाठी एक स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. सायबर घटना उघडकीस आल्यापासून सहा तासांत ‘सर्ट-इन’ या शासकीय संस्थेस कळविली पाहिजे, असा आदेश २०२२ साली निघाला. हे योग्यच झाले. परंतु २०२३ साली याच संस्थेला, भ्रष्टाचार व मानवी हक्क यांसंबंधीची माहिती वगळता, माहितीच्या अधिकारातून सूट देण्यात आली. म्हणजे सहा तासांत शासनाला जे कळावयाचे, ते नागरिकाला सहा वर्षांनी तरी कळेल याची शाश्वती नाही!

यावर उत्तर ठरलेले असते: आपले दुबळेपण शत्रूला कळता कामा नये, झाकली मूठ सव्वा लाखाची. या म्हणण्यात तथ्य आहे. कोणत्या कुलपाची किल्ली कोठे आहे, हे चव्हाट्यावर सांगावे असे कोणीही म्हणणार नाही. पण कुलूप तुटले होते, ते का तुटले आणि नवे बसविले की नाही, एवढे घरच्या माणसांस कळावयास नको काय? शत्रूला तर ते आधीच ठाऊक असते. मूठ झाकून राहते आणि दार मात्र उघडेच राहते.

युक्रेनचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. २३ डिसेंबर २०१५ रोजी तेथील तीन वीज कंपन्यांच्या नियंत्रणकक्षांत पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला आणि कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत उपकेंद्रे बंद होत गेली. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. तरीही काही तासांत वीज परत आली; कारण कर्मचारी उपकेंद्रांवर धावले आणि त्यांनी हातांनी यंत्रे चालू केली. पुढे या हल्ल्याची तपशीलवार चिकित्सा प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या अभियंत्यांनी तीवरून धडे घेतले. संगणक शत्रूच्या हाती गेला, पण कामाची माहिती माणसांच्या हाती शिल्लक होती.

हिरकणीची आख्यायिका महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळाच्या ओढीने ती कडा उतरून गेली. महाराजांनी तिला शिक्षा केली नाही, की घडलेले दडपले नाही. तिचा गौरव केला आणि त्या जागी बुरूज बांधला. गड अभेद्य आहे असे म्हणत राहण्याने तो अभेद्य होत नाही. उणीव दाखविणाऱ्याचा मान राखून तेथे बुरूज उभारल्याने होतो.

आमच्या मते शासनाने तीन गोष्टी तातडीने कराव्यात. आयलंडिंगसारख्या योजनांची प्रत्यक्ष चाचणी दरवर्षी घ्यावी आणि तिचा निष्कर्ष, तांत्रिक गुपिते वगळून, प्रसिद्ध करावा. संगणक कितीही शहाणा झाला, तरी हाताने यंत्रणा चालविण्याचा सराव असलेली माणसे प्रत्येक उपकेंद्रात राखावीत. आणि उणीव दाखविणाऱ्या कर्मचाऱ्यास गोत्यात न आणता संरक्षण द्यावे. यांपैकी कशालाही परदेशातून यंत्रे आणावयास नकोत. चूक झाल्यास ती मान्य करण्याचे धैर्य तेवढे हवे, आणि ते मात्र आपल्याला येथेच निर्माण करावे लागेल.