वजन करायला प्राणिसंग्रहालयात जा!

व्हीलचेअरवरून येणाऱ्या पेशंटचं वजन तुम्ही कसं करता? अमेरिकेतल्या काही डॉक्टरांशी झालेल्या गटचर्चांमध्ये हा विषय निघाला. २०२२ मध्ये छापून आलेल्या या अभ्यासातली उत्तरं ऐका: सुपरमार्केटमध्ये पाठवतो, धान्याच्या कोठारावर पाठवतो, कत्तलखान्यात पाठवतो आणि चक्क प्राणिसंग्रहालयातही! कारण काय, तर दवाखान्यातला काटा फक्त उभं राहू शकणाऱ्यांसाठी.

वाचून आधी हसू येतं. मग लक्षात येतं की केमोथेरपीच्या बऱ्याच औषधांचा डोस उंची-वजनावरून ठरतो. वजनच नीट माहीत नसेल तर सगळा कारभार अंदाजपंचे.

काट्याच्या आधीही गोष्टी अडतात. मॅमोग्राफी आठवा. उभं राहा, पुढे वाका, हात वर, श्वास रोखा, हलू नका. सेरेब्रल पाल्सी असलेल्या बाईने यातलं काय काय करायचं? गर्भाशयमुखाची तपासणी करायची तर उंच टेबलवर चढायला हवं. चढवणारं कुणी नसलं की ‘राहू दे, पुढच्या वेळी बघू’ होतं. आणि नवीन दुखणं सांगितलं, तर ‘ते तुमच्या अपंगत्वामुळेच असेल’ हे उत्तर तयार असतं. गाठ मात्र थांबत नाही.

लिसा आयझोनी १९८० मध्ये हार्वर्डला डॉक्टर व्हायला गेल्या आणि पहिल्याच वर्षी मल्टिपल स्क्लेरोसिसचं निदान झालं. शिक्षकांनीच नाउमेद केलं. पदवी मिळवली, पण प्रॅक्टिस कधी केली नाही. त्या संशोधनाकडे वळल्या. त्यांचा सहभाग असलेला २००६ चा एक अभ्यास स्तनाच्या कॅन्सरच्या एक लाखाहून जास्त स्त्रियांचा आहे. अपंगत्वामुळे सरकारी विमा मिळालेल्या स्त्रियांमध्ये स्तन वाचवणारी शस्त्रक्रिया कमी झाली होती. जिथे झाली, तिथेही नंतरचं रेडिएशन कमी जणींना मिळालं. या कॅन्सरने मृत्यू येण्याचा धोका इतर स्त्रियांपेक्षा ३१ टक्के जास्त निघाला. आणि उपचारांतल्या फरकाने या आकड्याचा पूर्ण उलगडा होत नव्हता.

उपचारांचा हिशेबही वेगळा असतो. काखेतल्या गाठी काढल्या की हाताला सूज येऊ शकते. आपल्याला तो त्रास वाटेल, पण व्हीलचेअर हाताने ढकलणारीचे हात म्हणजेच तिचे पाय. काही केमो औषधांनी बोटं बधिर होतात. ब्रेल वाचणाऱ्याला हे आधी सांगायला नको? पण विचारतं कोण! डॉक्टर बोलतात ते सोबत आलेल्या भावाशी नाहीतर आईशी. २०२१ मध्ये आयझोनींनी ७१४ अमेरिकन डॉक्टरांना विचारलं, तर ८२ टक्के म्हणाले की गंभीर अपंगत्व असलेल्यांच्या जगण्याचा दर्जा इतरांपेक्षा कमीच असतो. हे आधीच मनात धरून बसलेला माणूस ‘कशाला एवढी हेवी ट्रीटमेंट’ म्हणणारच की.

अमेरिका लांब आहे म्हणून हुश्श करू नका. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यातल्या २९ लाखांवर महाराष्ट्रात. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो की सरकारी आणि खासगी, दोन्ही हॉस्पिटलांच्या प्रत्येक भागात अडथळ्याविना जाता आलं पाहिजे आणि उपचारांत प्राधान्य मिळालं पाहिजे. (‘अपंग’चं ‘दिव्यांग’ पटकन झालं. पायऱ्यांचं रॅम्प व्हायला वेळ लागतोय.) तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कॅन्सरची तपासणी करायची सरकारी योजनाही आहे. पण घरातून बाहेर काढायलाच कुणी नसेल, तर योजना कुणासाठी?

आता तुमच्याकडे येते. एनएसएसच्या कॅम्पमध्ये आरोग्य तपासणी ठेवता ना? यंदा टेबल तळमजल्यावर लावा. गावात कोण घराबाहेर पडत नाही, हे आशाताईंना आधीच विचारा, त्यांना बहुतेक माहीत असतं. सांकेतिक भाषा येणारं कॉलेजात कुणी आहे का, शोधा. प्रश्न सोबत आलेल्याला नाही, पेशंटला विचारा. आणि मार्केट यार्डातून एक सपाट प्लॅटफॉर्मचा काटा दोन दिवसांसाठी मागून आणा. आधी खुर्चीसकट वजन घ्यायचं, मग रिकाम्या खुर्चीचं, आणि वजाबाकी.