शर्यतीच्या मोटारींच्या प्रतिकृति

शाळकरी वयांत प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून शर्यतीची मोटार जुळविणाऱ्या कित्येकांच्या माळ्यावर एखादी अर्धवट पेटी अजून पडलेली असते. मध्यंतरीं शिक्षण, नोकरी, संसार यांत वीसपंचवीस वर्षें निघून जातात, आणि मग ती खालीं काढावीशी वाटते. अशा परतणाऱ्या मनुष्यासाठीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम पेटीची प्रकृति पाहावी. नरम प्लॅस्टिकच्या टायरांतून मऊपणा आणणारें द्रव्य हळूहळू बाहेर येतें आणि टायर ज्या कठीण भागाला टेकलेला असेल तो भाग वितळल्यासारखा होतो. म्हणून टायर आधीं वेगळे ठेवावे. पाण्यांत भिजवून चिकटवावयाचीं अक्षरचित्रें पिवळीं पडलेलीं असतात. तीं कांचेच्या तावदानाला आंतून लावून कांहीं दिवस ऊन दिल्यास पिवळेपणा पुष्कळ उतरतो. पण जुना थर पाण्यांत पडतांच तुकडे होण्याचा संभव असतो. तेव्हां नको असलेलें एखादें चित्र आधीं भिजवून पाहावें.

मुलाला मोटार चकचकीत हवी असते. प्रौढाला ती खरी हवी असते. हा खरेपणा बहुतांशीं प्रमाणाच्या हिशेबांत आहे. सहा चाकांची टिरेल पी ३४ ही मोटार उदाहरणादाखल घेऊं. जपानांतील शिझुओका येथील तामिया कंपनीनें तिच्या १:२० व १:१२ अशा दोन्ही प्रमाणांतील प्रतिकृति काढल्या. डेरेक गार्डनर या रचनाकारानें पुढचीं चाकें मुद्दाम लहान केलीं, म्हणजे तीं पुढच्या पंखाआड राहून वाऱ्याला कमी अडवितील. आणि गेलेली पकड भरून काढण्यासाठीं दोनांच्या जागीं चार बसविलीं. या चाकांची रिंग १० इंच व्यासाची. १:२० प्रमाणांत ती बरोबर अर्धा इंच भरते.

येथपर्यंतचें काम कारखान्यानें केलेलें असतें. पुढें आपली परीक्षा. मागील बाजूस कॉसवर्थ कंपनीचें आठ सिलिंडरांचें डीएफव्ही इंजिन उघडेंच दिसतें. त्याच्या ठिणगीच्या तारा ७ मिलिमीटर जाड धरल्या तर १:२० प्रमाणांत त्या ०.३५ मिलिमीटर हव्यात. हाताशीं आहे म्हणून १ मिलिमीटरची तार वापरली कीं ती खऱ्या मोटारीवर २० मिलिमीटरची, म्हणजे अंगठ्याएवढी झाली! रंगाचेंही तसेंच. ०.१ मिलिमीटरचा थर कुंचल्यानें सहज बसतो. मोठ्या मोटारीवर तो २ मिलिमीटरचा लेप होईल आणि पत्र्यांचे सांधे, खिळ्यांचीं डोकीं त्याखालीं बुजून जातील. म्हणून पातळ रंग फवाऱ्यानें, खिडकी उघडी ठेवून, अनेक हातांनीं द्यावा. बाजारांत मिळणारे कोरीव धातूचे सारेच तुकडे लावण्याचा हव्यास मला पसंत नाहीं. आठ तारा नेमक्या जाडीच्या असल्या तर तेवढ्यानेंच इंजिन जिवंत वाटतें.

मोटार कोणत्या दिवसाची, हेंही आधीं ठरवावें. १३ जून १९७६ रोजीं स्वीडनमधील अँडरस्टॉर्प येथें जोडी शेक्टरनें ३ क्रमांकाची निळी पी ३४ पहिली आणली, व पॅट्रिक देपायेनें ४ क्रमांकाची दुसरी. सहा चाकांच्या मोटारीनें फॉर्म्युला वनमध्यें जिंकलेली शर्यत ती एकच. १९७७ सालीं तीच मोटार निळ्यापांढऱ्या रंगांत आली आणि शेक्टरच्या जागीं रॉनी पीटरसन बसला; पण लहान टायरांची सुधारणा मागें पडल्यानें तिचें तेज ओसरलें. पुढें १९८३ पासून नियमानेंच चार चाकांची मर्यादा पडली. तेव्हां पांढऱ्या पट्ट्यावर शेक्टरचें नांव चिकटविलें, तर जाणत्याच्या डोळ्यांना तें खुपणारच.

चालकाला पुढचीं चाकें दिसावीं म्हणून बैठकीच्या दोन्ही अंगांना लहान पारदर्शक खिडक्या होत्या. त्या बसवितांना नेहमीचा प्लॅस्टिकचा डिंक वापरूं नये. त्याच्या वाफेनें त्या धुरकट होतात. पांढरा डिंक वाळला कीं पारदर्शक होतो. मात्र बैठकीचे पट्टे त्याआधींच रंगवून घ्यावे, कारण त्या खिडक्यांतून ते दिसतात.