बेटम्याचा ताम्रपट आणि शहराचे संग्रहालय

इंदूरहून धारकडे जाणाऱ्या रस्त्यावर बेटमा हे गाव लागते. शीख यात्रेकरूंना ते तेथील गुरुद्वाऱ्यामुळे ठाऊक आहे. कोकणातील वाचकास ते निराळ्या कारणाने ठाऊक असावयास हवे होते, पण बहुधा नाही. परमार भोजराजाचा संवत १०७६ चा, म्हणजे सुमारे एक हजार वर्षांपूर्वीचा, एक ताम्रपट या गावाच्या नावाने ओळखला जातो. द. बा. दिसकळकरांनी तो 'एपिग्राफिया इंडिका'च्या अठराव्या खंडात प्रसिद्ध केला. भोजाने नालतडाग नावाचे गाव एका ब्राह्मणास दान दिले, एवढाच त्यातील व्यवहार. परंतु दानाचे निमित्त म्हणून जे पर्व त्यात सांगितले आहे, ते आहे कोंकण घेतल्याच्या विजयाचे! माळव्यात तो उत्सवाचा प्रसंग होता. इकडे उत्तर कोकणात शिलाहारांचे राज्य होते. त्यांच्या प्रजेवर त्या स्वारीत काय गुदरले, हे कोरून ठेवण्यासाठी कोणी तांबे खर्च केले नाही.

हा ताम्रपट उद्या इंदुरात मांडला तर त्याखालच्या पाटीवर 'भोजाचा कोंकणविजय' असे लिहिले जाईल. त्याची प्रतिकृती ठाण्यात मांडली तर काय लिहावे? आणि बेटम्याच्या शेतकऱ्यास विचारले, तर तो कदाचित निराळेच काही सांगेल. संग्रहालय म्हटले की आमच्या पुढाऱ्यांच्या डोळ्यांपुढे घुमट, काचेची कपाटे आणि कोनशिला उभी राहते. आमच्या मते खरा प्रश्न त्या दोन ओळींच्या पाटीचा आहे. ती कोणी लिहावयाची?

शहराशहरांतून नव्या संग्रहालयांच्या योजना निघतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्यांचा क्रम पाहावा. आधी जागा, मग वास्तुशिल्पी, मग सल्लागार, मग निविदा, आणि सर्वांत शेवटी, उद्घाटनाच्या मंडपात खुर्च्या भरावयास, नागरिक. ज्यांच्या घरातील वस्तू तेथे यावयाच्या, त्यांना विचारण्याची पायरी या क्रमात कोठेच नाही. असली इमारत पहिली दोन वर्षे शाळांच्या सहलींनी गजबजते आणि नंतर तिच्या दारावरचा पहारेकरीच तेवढा तिचा नित्य प्रेक्षक उरतो.

आपल्याकडे हे असेच होत आले आहे असे मात्र नव्हे. मुंबईच्या राणीच्या बागेतील संग्रहालय १८७२ साली लोकांस खुले झाले, ते शहरातील नागरिकांच्या वर्गणीच्या बळावर. त्या वर्गणीसाठी झटलेल्या डॉ. भाऊ दाजींचे नाव त्यास १९७५ मध्ये दिले गेले, म्हणजे शंभर वर्षांनी का होईना, ऋण फिटले. मराठवाड्यात तेर या गावी रामलिंगप्पा लामतुरे या व्यापाऱ्याने पांढरीच्या टेकाडांतून निघणाऱ्या वस्तू जमविल्या. इतरांना जी खापरे वाटली ती त्यांनी सांभाळली, आणि सातवाहनकाळचे तेर आज त्यांच्या नावाच्या संग्रहालयात पाहावयास मिळते. आमच्या चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चे. त्याने लोकांकडून वस्तू मिळवून आपले वस्तुसंग्रहालय उभे केले आहे. जुलै २०२१ च्या महापुरात या वाचनालयाचे अपरिमित नुकसान झाले. परंतु संस्था गावाची असल्यामुळे चिखल उपसावयासही गावच आले. सरकारी कोठारातील कपाट भिजले असते तर पंचनाम्यापलीकडे काय झाले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी.

परदेशांतूनही घेण्याजोगे आहे. वॉशिंग्टन शहराच्या अनाकोस्टिया या गरीब वस्तीत स्मिथसोनियन संस्थेने १९६७ मध्ये एका जुन्या चित्रपटगृहात छोटेखानी संग्रहालय काढले. काय दाखवावे, असे वस्तीतील लोकांना विचारता उंदरांचा विषय निघाला, कारण उंदीर हा त्यांच्या घरचा रोजचा जाच होता. १९६९ मध्ये तेथे खरोखर उंदरांवरच प्रदर्शन भरले. आमच्याकडील एखाद्या समितीपुढे हा ठराव आला असता तर सदस्यांना हसू आवरले नसते! दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनच्या 'डिस्ट्रिक्ट सिक्स' वस्तीतून वर्णद्वेषी सरकारने साठ हजारांवर माणसे हुसकली आणि घरे भुईसपाट केली. १९९४ साली एका चर्चमध्ये तिचे संग्रहालय झाले. तेथे जमिनीवर जुन्या रस्त्यांचा नकाशा अंथरला, आणि आलेल्या माणसांनी आपापले घर कोठे होते ते त्यावर स्वहस्ते लिहिले. पाटी कोणी लिहावयाची, याचे इतके सरळ उत्तर आमच्या पाहण्यात दुसरे नाही.

आमच्या किनाऱ्यावरील एखाद्या शहराचे संग्रहालय झाले तर त्यात तोफा आणि नाणी येतीलच. पण लावणीच्या पावसात पाठीवर घेतलेले इरले, रापणीचे जाळे, मुंबईहून चाकरमान्याने धाडलेल्या मनीऑर्डरीची पावती, ह्या वस्तू कोण आणून देणार? ज्याला आपल्या वस्तूचा मान राहील असा भरवसा वाटतो तोच. 'पर्जन्यरक्षक साधन, विसावे शतक' अशी पाटी इरल्याखाली लागली, तर ते विणणाऱ्या म्हातारीस आपली थट्टा झाली असेच वाटेल.

तज्ज्ञ नकोत असे आमचे म्हणणे नाही. दिसकळकरांसारखा जाणता नसता तर बेटम्याचा ताम्रपट भंगाराच्या भावाने विकला जाण्यासही हरकत नव्हती. लोकांच्या सांगण्यात दंतकथा मिसळते, एका जातीचा अभिमान दुसरीच्या जिव्हारी लागतो, आणि देणगीदारास आपल्या आजोबांची तसबीर दर्शनी भिंतीवर हवी असते. तेथे अभ्यासकाने ठामपणे 'नाही' म्हटलेच पाहिजे. मात्र ते 'नाही' बंद खोलीत ठरू नये. भरल्या सभेत, कारण सांगून म्हटलेले असावे.

म्हणून नगरपालिकांना आमची सूचना एवढीच की, आराखडा मंजूर होण्यापूर्वी प्रत्येक वॉर्डात, कोळीवाड्यात आणि बाजारपेठेत सभा घ्यावी. वस्तू देणाऱ्यास रीतसर पावती द्यावी आणि पाटीचा मसुदा त्यास वाचून दाखवावा. समितीत प्राध्यापकाशेजारी सुतार आणि मच्छीमार स्त्री यांनाही मताचा अधिकार द्यावा. आणि जी वस्तू गावाकडून शहरात आणली जाईल तिची प्रतिकृती त्या गावच्या शाळेत ठेवावी. बेटम्याच्या शाळेतही त्या ताम्रपटाची एक असावी. तिच्या पाटीवर, ज्या कोकणाच्या नावे तो उत्सव झाला, त्या कोकणातील एखाद्या मुलाने लिहिलेली एक ओळ लावावयास तेथील गुरुजींनी परवानगी दिली, तर ती आम्ही येथून आनंदाने पाठवू.