गुरूविना जर्मन

मंडालेच्या तुरुंगात लोकमान्य टिळकांनी जर्मन भाषेचा अभ्यास केला, हे अनेकांना ठाऊक आहे. तो त्यांनी कोणत्या स्थितीत केला, याचा विचार मात्र क्वचितच होतो. १९०८ साली त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती. शिकवायला कोणी नव्हते, बोलायला जर्मन माणूस नव्हता. होती ती पुस्तके आणि चिकाटी. युरोपीय पंडितांचे ग्रंथ मुळातून वाचावयाचे, हा हेतू होता. त्या हेतूला स्वाध्याय पुरला.

याचे स्मरण आज होते ते हैदराबादमुळे. भारतीय कुशल कामगारांना दरवर्षी द्यावयाच्या व्हिसांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याचे जर्मनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. हैदराबादेतील अभियंते, परिचारिका आणि विद्यार्थी यांना जर्मन भाषेचे महत्त्व त्यामुळे अधिकच जाणवू लागले, तर नवल नाही. जर्मनीत पतीकडे वा पत्नीकडे राहावयास जाणाऱ्यांना, काही अपवाद वगळता, २००७ पासून ‘ए-वन’ या पहिल्या पातळीचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. त्या शहरात जर्मन शिकण्याची सोय नाही असे नाही. १९५८ साली निघालेल्या तेथील इंग्रजी भाषेच्या केंद्रीय संस्थेत १९७२ पासून जर्मनसह अन्य परदेशी भाषा आल्या आणि २००७ मध्ये तिचे केंद्रीय विद्यापीठ झाले. तथापि पाळीची नोकरी करणाऱ्याला वर्गाची वेळ साधत नाही आणि शुल्कही जड जाते. मग एक पुस्तक आणि हातातला मोबाइल, एवढ्यावर श्रीगणेशा होतो. नोकरीसाठी हैदराबाद गाठलेल्या आमच्या गोव्या-कोकणातील मुलामुलींचीही हीच गोष्ट.

असा श्रीगणेशा निष्फळ ठरतो काय? आमच्या मते मुळीच नाही. उलट मराठी वा कोंकणी घरातील विद्यार्थ्याजवळ एक भांडवल असते, ज्याची त्यालाच जाणीव नसते. जर्मनमधील तीन लिंगांची इंग्रजीवर पोसलेल्याला धास्ती वाटते. आपण ती आईच्या मांडीवरच शिकतो. जर्मनमध्ये मुलीला ‘मेडशेन’ म्हणतात आणि तो शब्द नपुंसकलिंगी आहे, यावर इंग्रज हसेल. ‘तें चेडूं’ म्हणणारा गोमंतकीय हसणार नाही. पंचवीस या संख्येत आपण पाच आधी म्हणतो आणि वीस मागून. जर्मन माणूसही ‘पाच आणि वीस’ असेच म्हणतो. हैदराबादेतील तेलुगू शेजारी मात्र ‘इरवै ऐदु’, म्हणजे वीस-पाच, या क्रमाने मोजतो. अडीच वाजले हे जर्मनमध्ये ‘हाल्ब ड्राय’, म्हणजे तिसरा तास अर्धा झाला, अशा शब्दांत सांगतात. आपल्या ‘अडीच’मध्येही तोच हिशेब दडलेला आहे. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते, शब्दाला शब्द जोडून लांब समास होतात, विभक्ती आहेतच. सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी, असे धक्के बसतात खरे. परंतु लिंग शब्दाबरोबरच पाठ करावयाचे, ही शिस्त आपल्याला परकी नाही.

हे भांडवल असूनही आपला विद्यार्थी इंग्रजी माध्यमाचे पुस्तक उघडतो आणि इंग्रजाला पडलेल्या अडचणी स्वतःच्या मानून बसतो. हैदराबादनेच याविषयी एक धडा घालून दिला आहे. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात आधुनिक शास्त्रे उर्दूतून शिकवीत. त्यासाठी आधी भाषांतराचे स्वतंत्र कार्यालय उभारले गेले होते. राज्यसत्ता बदलली, माध्यमही बदलले. पण परके ज्ञान आपल्या भाषेच्या दारातून आत आणता येते, हे त्या प्रयोगाने सिद्ध केले. जर्मनच्या प्रारंभिक अभ्यासासाठी मराठी व्याकरणाशी तुलना करणारी, स्वस्त आणि विश्वसनीय पुस्तिका आमच्या विद्यापीठांना काढता येणार नाही काय?

स्वाध्यायाची मर्यादाही सांगितली पाहिजे. पुस्तकाने डोळा तयार होतो. कान आणि जीभ होत नाहीत. ‘ए-वन’च्या परीक्षेत वाचन व लेखन आहे, तसेच श्रवण व संभाषणही आहे. टिळकांना मंडालेत जर्मनमध्ये भाजीचा भाव विचारावयाचा नव्हता. आजच्या विद्यार्थ्याला तो विचारावयाचा आहे. शिवाय पहिली पातळी म्हणजे नोकरीची हमी नव्हे. परिचारिकेला व्यवसायाच्या मान्यतेसाठी सामान्यतः ‘बी-टू’, म्हणजे चौथी पातळी गाठावी लागते. चार आठवड्यांत जर्मन शिकवून जर्मनीत धाडतो म्हणणाऱ्या दलालाच्या हाती घरचे दागिने मोडून पैसे ठेवण्यापूर्वी आईबापांनी हा हिशेब मांडून पाहावा.

म्हणून नवशिक्याने रोज तासभर, पण न चुकता बसावे. वाचलेले मोठ्याने म्हणावे. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे विनामूल्य पाठ ऐकावेत. आणि आठवड्यातून एकदा तरी दोघाचौघांनी जमून, चुका करीत का होईना, जर्मनमध्ये बोलावे. हैदराबादेत आणि गोव्यात आपली ग्रंथालये व मंडळे आहेत. त्यांतील एक खोली रविवारी दोन तास या मुलांना मोकळी करून दिली, तर खर्च दिव्याचा आणि पंख्याचा. गुरूविना विद्येचा आरंभ होऊ शकतो; सोबतीविना भाषा तोंडात रुळत नाही. ती सोबत पुरविणे आपल्या संस्थांना खचित अवघड नाही.