लाल पेन ड्राइव्ह जुना झाला होता

मागच्या वेळी आपण कोकम आगळाच्या बाटल्या आणि त्यांच्या लेबलांविषयी बोललो. आजचा विषय तसा कोरडा आहे, पण तो आमच्या अंगावर आला आणि निभावला, म्हणून सांगायचा आहे. ज्या ग्रामसंघाकडे किंवा प्रभागसंघाकडे लॅपटॉप आहे, त्यांनी जरा कान देऊन ऐका. घरी मुलांच्या अभ्यासाचा लॅपटॉप असेल, तर त्यालाही हे लागू आहे.

झालं असं. विंडोज १० ला मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. त्याआधी आम्ही आमच्या कार्यालयातला लॅपटॉप विंडोज ११ वर नेला. काम विनासायास झालं, पडदा नवा दिसायला लागला, सगळ्या जणी खूश. कपाटात गणपतीच्या आरतीच्या पुस्तकाशेजारी एक लाल पेन ड्राइव्ह ठेवलेला होता. त्यावर चिकटपट्टी लावून आम्ही लिहिलं होतं, 'कॉम्प्युटर बंद पडल्यास'. दोन वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात तो बनवून घेतला होता. तो आहे म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

भाऊबीज झाल्यावर एका संध्याकाळी अपडेट चालू असताना वीज गेली. आमच्या लॅपटॉपची बॅटरी कधीच कामातून गेलेली, तो वायरवरच चालतो. वीज आल्यावर लॅपटॉप सुरू व्हायचा, गोल गोल ठिपके फिरायचे, पुन्हा बंद व्हायचा. चार दिवसांनी बँकेत कर्जप्रकरणाची कागदपत्रं द्यायची होती, आणि गटांचे कर्जखाते उतारे त्याच लॅपटॉपमध्ये. आमच्या लिपिकाताईंनी लाल पेन ड्राइव्ह लावला. पडद्यावर 'रिकव्हर फ्रॉम अ ड्राइव्ह' असं आलं. आता बटण दाबणार, एवढ्यात शेजारच्या गावातली एक मुलगी फोनवर होती, ती म्हणाली, "ताई, थांबा. तो विंडोज १० चा आहे ना? दाबलंत तर जुनी विंडोज येईल आणि आतलं सगळं पुसलं जाईल."

त्या एका वाक्याने आमचे उतारे वाचले. म्हणून पहिली गोष्ट नीट समजून घेऊ.

रिकव्हरी ड्राइव्ह म्हणजे आपल्या फाइलींची प्रत नव्हे. त्यात फक्त विंडोज असते, आणि तीही ज्या दिवशी तो बनवला त्या दिवसाची. गटाची वही, फोटो, टाइप केलेले ठराव, आपण वेगळं टाकलेलं हिशेबाचं सॉफ्टवेअर, यातलं काहीही त्यात जात नाही. घर पुन्हा बांधायला चिरे आणि वाळू मिळतील, पण कपाटातली भांडीकुंडी मिळणार नाहीत, तसं समजा. आणि विंडोज बदलली की तो ड्राइव्ह जुन्या घराचा होतो. त्यातली दुरुस्तीची साधनंही जुन्या विंडोजची, त्यांच्यावर विसंबून राहता येत नाही.

या ड्राइव्हमध्ये दोन दारं असतात, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. एक दार वर सांगितलं ते, सगळं पुसून नव्याने विंडोज टाकणारं. दुसरं 'ट्रबलशूट', मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'स्टार्टअप रिपेअर'. हे दुसरं दार आपल्या फाइलींना हात लावत नाही, फक्त सुरू होण्यात अडलेलं काय ते दुरुस्त करायचा प्रयत्न करतं. तिथेच 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे, अर्धवट राहिलेलं अपडेट काढून टाकायला. आधी नेहमी दुसरं दार. पहिलं दार अगदी शेवटी, फाइली बाहेर काढून झाल्यावर.

त्या मुलीने आमच्या लॅपटॉपमधली डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली, फाइली उतरवून घेतल्या, मग तिच्याकडच्या विंडोज ११ च्या पेन ड्राइव्हने दुरुस्ती करून दिली. बँकेची तारीख गाठली. पण त्या दोन रात्री आम्ही कागदी वह्यांवरून उतारे पुन्हा लिहीत बसलो होतो, आणि पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र, लेखे अद्ययावत ठेवणं, किती कामाचं आहे ते तेव्हा कळलं. कागदी वह्या अजूनही सोडू नका, हे आमचं स्पष्ट मत आहे, कोणी कितीही डिजिटल डिजिटल म्हणो.

मग आम्ही ठरवलं, नवा रिकव्हरी ड्राइव्ह बनवायचा. इथे खरी गंमत सुरू झाली.

बनवायची रीत सोपी आहे. खाली शोधायच्या पट्टीत इंग्रजीत 'रिकव्हरी ड्राइव्ह' टाइप करायचं, जे येईल ते उघडायचं, परवानगी विचारली तर 'येस' म्हणायचं. मग 'बॅक अप सिस्टिम फाइल्स टू द रिकव्हरी ड्राइव्ह' अशी एक चौकट असते, तिच्यावर टिक असू द्यायची. पेन ड्राइव्ह लावायचा, 'नेक्स्ट', मग 'क्रिएट'. त्या पेन ड्राइव्हवर आधी जे असेल ते पुसलं जातं, म्हणून कोणाच्या लग्नाच्या फोटोंचा ड्राइव्ह घेऊ नका.

आमच्या लॅपटॉपने 'नेक्स्ट' पर्यंतही जाऊ दिलं नाही. या कॉम्प्युटरवर ड्राइव्ह बनवता येत नाही, काही आवश्यक फाइली नाहीत, असा मेसेज. आम्हाला वाटलं, पेन ड्राइव्ह खराब. दुसरा आणला, तोच मेसेज. तिसराही उसना आणला! पण हा मेसेज पेन ड्राइव्हविषयी नसतोच. तो लॅपटॉपच्या आतल्या एका छोट्या विंडोजविषयी असतो.

मोठी विंडोज आजारी पडली तर तिला बरं करायला डिस्कच्या एका कोपऱ्यात एक छोटी विंडोज ठेवलेली असते, तिला विंडोज आरई म्हणतात. रिकव्हरी ड्राइव्ह तिच्यापासूनच बनतो. ती बंद असेल किंवा सापडत नसेल, तर ड्राइव्ह बनत नाही. विंडोज बदलताना हा कोपरा बिघडायची शक्यता असते, कारण नवी छोटी विंडोज जुनीपेक्षा मोठी असते आणि कोपरा तेवढाच राहतो. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चं एक अपडेट कितीतरी लोकांकडे याच कारणाने अडलं होतं, त्याला त्या कोपऱ्यात २५० एमबी मोकळी जागा लागत होती. दुसरं कारण आपल्याकडे फार सापडतं. जुना लॅपटॉप हळू चालतो म्हणून आपण नवी एसएसडी बसवून घेतो, आणि बसवणारा फक्त 'सी' भाग उतरवतो, तो छोटा कोपरा जुन्या डिस्कवरच राहतो. आमचंही तसंच झालं होतं.

तपासायचं कसं? स्टार्टच्या चिन्हावर माउसचं उजवं बटण दाबा, 'टर्मिनल ॲडमिन' निवडा. विंडोज १० असेल तर तिथे 'पॉवरशेल ॲडमिन' दिसेल. काळी किंवा निळी खिडकी उघडते, घाबरू नका. तिथे इंग्रजीत सलग ही अक्षरं टाका: आर, ई, ए, जी, ई, एन, टी, सी. मग एक जागा सोडा, उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ द्या आणि तिला चिकटून आय, एन, एफ, ओ. एंटर दाबा. जी माहिती येईल तिच्यात पहिल्यांदा 'स्टेटस' पुढे 'एनेबल्ड' असेल तर छोटी विंडोज जागी आहे. 'डिसेबल्ड' असेल तर तीच ओळ पुन्हा टाका, फक्त आय, एन, एफ, ओ च्या जागी ई, एन, ए, बी, एल, ई. आमच्याकडे एवढ्यानेच काम झालं. 'ऑपरेशन सक्सेसफुल' आलं आणि पुढच्या खेपेला ड्राइव्ह बनायला लागला. तीन पेन ड्राइव्ह फिरवले होते, ते उगाच.

तेवढ्याने झालं नाही तर छोट्या विंडोजची फाइलच नाही असं समजा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथे 'फिक्स प्रॉब्लेम्स युजिंग विंडोज अपडेट' असा पर्याय नव्या आवृत्त्यांत आहे. त्याने तीच विंडोज पुन्हा बसते, फाइली आणि सॉफ्टवेअर जागेवर राहतात. इंटरनेट भरपूर लागतं आणि वेळही, पण हरवलेल्या फाइली बहुतेक वेळा परत बसतात. तरीही फाइलींची प्रत आधी काढून ठेवा. डिस्कचे भाग लहानमोठे करायचं काम मात्र घरी करू नका. ते जाणत्या माणसाकडूनच करून घ्या, आणि त्याला नुसतं 'कॉम्प्युटर बघा' न म्हणता 'विंडोज आरई चालू होत नाही' असं सांगा. नेमकं सांगितलं की नेमकं काम होतं, आणि सगळं फॉरमॅट करून देण्याचा मोहही त्याला होत नाही.

आता पेन ड्राइव्हविषयी. कमीत कमी १६ जीबी लागतो असं सांगतात, पण आम्ही म्हणतो ३२ जीबीचाच घ्या. १६ लिहिलेला ड्राइव्ह विंडोजमध्ये १४.९ किंवा त्याहून थोडा कमी दिसतो. ती फसवणूक नव्हे, बनवणारा हजाराच्या हिशेबाने मोजतो आणि विंडोज १०२४ च्या. एका पायलीत किती शेर, यावर आजीचं आणि दुकानदाराचं जुळायचं नाही, तसंच. खरी फसवणूक वेगळी असते. जत्रेत नाहीतर रस्त्यावर फार स्वस्तात मिळणाऱ्या ड्राइव्हवर मोठा आकडा छापलेला असतो आणि आत जागा थोडीच असते. तसला ड्राइव्ह मध्येच अडतो, 'अ प्रॉब्लेम ऑकर्ड' म्हणतो. अडला तर लॅपटॉपच्या दुसऱ्या खाचेत लावून पाहा, बाकी सगळं बंद करून पाहा, मग ड्राइव्ह बदला. घाईत ती टिक काढून टाकू नका. टिक काढली तर छोट्या ड्राइव्हवरही काम होतं, पण त्यात फक्त दुरुस्तीचं दार मिळतं, विंडोज नव्याने टाकायचं मिळत नाही.

वेळ तास-दीड तासही लागतो. लोडशेडिंगची वेळ टाळा.

आमच्यासारखा लॅपटॉप सुरूच होत नसेल आणि ड्राइव्ह बनवायचा राहून गेला असेल, तर कोणाच्याही चालू कॉम्प्युटरवरून मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं मीडिया क्रिएशन टूल वापरता येतं. त्याला ८ जीबीचा ड्राइव्ह पुरतो, मात्र काही जीबी डेटा खर्च होतो. लॅपटॉपची विंडोज आधी अस्सल आणि चालू असेल, तर त्याच यंत्रावर पुन्हा टाकताना नवा परवाना विकत घ्यावा लागत नाही. कोणी पैसे मागितले तर विचारा, कशाचे.

ज्यांनी नुकतीच विंडोज बदलली आहे आणि पस्तावत आहेत, त्यांच्यासाठी: बदलल्यापासून १० दिवस सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत 'गो बॅक' असतं. नंतर जुनी विंडोज आपोआप पुसली जाते.

आणखी एक, काही लॅपटॉपमध्ये डिस्कला कुलूप असतं, बिटलॉकर नावाचं. दुरुस्तीला बसलं की ते ४८ आकड्यांची किल्ली मागतं. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, पण ते खातं कोणाच्या नावाने आहे? बऱ्याच ठिकाणी आधीच्या लिपिकाताईंच्या, ज्या लग्न होऊन पनवेलला गेल्या. आजच ते पाहून घ्या आणि आकडे वहीत लिहून अध्यक्षांकडे द्या.

नवा ड्राइव्ह बनल्यावर एकदा तपासा. लॅपटॉप बंद करून ड्राइव्ह लावा, चालू करताना एफ १२ दाबत राहा, काही कंपन्यांत एस्केप मग एफ ९. ड्राइव्ह निवडल्यावर निळा पडदा आणि कीबोर्ड विचारणारी यादी आली की तो चालतो. एवढं पाहून 'टर्न ऑफ' करा, पुढे जाऊ नका.

फाइलींसाठी वेगळा पेन ड्राइव्ह ठेवा, दर मासिक बैठकीनंतर त्यावर उतारे घ्या, आणि तो कार्यालयात ठेवू नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आपल्या किनाऱ्यावर किती घरांची कौलं आणि पत्रे उडाले आणि किती कपाटं भिजली, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. आमचा एक ड्राइव्ह आता कार्यालयात असतो, दुसरा डोंगराकडच्या वाडीतल्या एका ताईंकडे, तांदळाच्या डब्यात प्लास्टिकच्या पिशवीत. मराठी टायपिंग जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असेल तर तो फॉन्टही त्यावर टाका. नाहीतर फाइल उघडेल आणि आत नुसती चिन्हं दिसतील.

लाल ड्राइव्ह पुसून आम्ही फोटोंसाठी वापरतो. नव्याला निळी चिकटपट्टी आहे, तिच्यावर तारीख, 'विंडोज ११' आणि लॅपटॉपचं नाव. वर्षातून एकदा, दिवाळीची साफसफाई करताना, तो नव्याने बनवायचं ठरलंय. कोणाला 'आवश्यक फाइली नाहीत' हा मेसेज येऊन अडला असाल, तर प्रभागाच्या पुढच्या बैठकीला लॅपटॉप आणि त्याची वायर घेऊन या. बसून पाहू.