चौकट : इंग्लंडच्या शाळेत टीचिंग असिस्टंटची मुलाखत

• वर्गशिक्षकाला मदत, छोट्या गटाचे वाचन, एखाद्या मुलाला स्वतंत्र आधार, हे मुख्य काम. शिक्षकी पात्रता बंधनकारक नाही. इंग्रजी व गणितातील जीसीएसई (तिथली दहावीच्या स्तराची परीक्षा) किंवा समकक्ष पात्रता अनेक शाळा मागतात. भारतीय पदवीचे समकक्षता-पत्र ‘यूके एनिक’ देते.

• नोकरीतील खंड : अर्जात लिहायचाच, नुसता सीव्ही चालत नाही. ‘कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन’ या सरकारी मार्गदर्शिकेनुसार शाळेने उमेदवाराला खंडाबद्दल विचारणे अपेक्षित आहे. म्हणजे प्रश्न संशयाचा नसतो, रीतीचा असतो. महिना, वर्ष, कारण एवढे पुरते. मुले, आजारी सासू-सासरे, स्थलांतर ही कारणे मुलाखत घेणाऱ्यांना नवी नाहीत. या काळात शाळेत स्वयंसेवक म्हणून मुलांचे वाचन ऐकले असेल, तर तेही अनुभवात धरतात.

• हमखास प्रश्न : मुलाने घरी मार बसतो असे सांगितले तर? अपेक्षित उत्तर : शांतपणे ऐकणे, गुप्ततेचे वचन न देणे, उत्तर सुचवणारे प्रश्न टाळणे, मुलाच्याच शब्दांत नोंद करणे आणि शाळेच्या बालसुरक्षा प्रमुखांना (डीएसएल) लगेच कळवणे.

• की स्टेज म्हणजे शालेय शिक्षणाचा टप्पा. की स्टेज १ : वय ५ ते ७. की स्टेज २ : ७ ते ११.

• सेन्को : विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीचे समन्वयक शिक्षक. ईएचसी प्लॅन : अशा मुलांचा कायदेशीर आराखडा; २०१४ च्या कायद्याने आला, २५ वर्षांपर्यंत लागू राहू शकतो.

• निवडीनंतर एन्हान्स्ड डीबीएस (गुन्हेगारी नोंदींची) तपासणी होते. परदेशात राहिलेल्यांकडे तिथला पोलीस दाखलाही मागितला जाऊ शकतो.