सेकंडहँड ॲडव्हेंचर बाइक : ऐकीव समजुती आणि खरी परिस्थिती

बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, कुठल्याही जरा मोठ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हराखाली एखादी हिमालयन, एक्सपल्स किंवा केटीएम ३९० ॲडव्हेंचर उभी दिसते. रॉयल एनफील्डची हिमालयन मार्च २०१६ मध्ये बाजारात आली, हीरोची एक्सपल्स २०० मे २०१९ मध्ये, केटीएम ३९० ॲडव्हेंचर जानेवारी २०२० मध्ये आणि सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स एप्रिल २०२२ मध्ये. या गाड्यांचे पहिले मालक आता त्या विकायला काढू लागले आहेत, त्यामुळे ज्याला नवीन गाडी परवडत नाही त्याच्यासाठी आज निवड बरीच आहे. पण घेणारा पहिला प्रश्न विचारतो तो "हिमालयन घेऊ की केटीएम?" माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. आपण कुठल्या रस्त्यांवर जाणार हा पहिला, आणि समोर उभी असलेली नेमकी ही गाडी कशी वापरली गेली हा दुसरा. हा क्रम उलटा झाला की ऐकीव गोष्टींवर पैसे जातात.

"लांब जायचं तर मोठं इंजिनच हवं"

सगळ्यात खोल रुजलेली समजूत हीच आहे, म्हणून हिच्यावर जरा थांबतो. मोठ्या इंजिनाचा खरा फायदा मोकळ्या, वेगवान रस्त्यावर तासन्‌तास धावताना मिळतो. महाराष्ट्रातले असे रस्ते कुठले? मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, अटल सेतू. या तिन्हींवर दुचाकीला बंदी आहे, मग ती शंभर सीसीची असो की हजार सीसीची. वांद्रे-वरळी सागरी सेतूचंही तेच. पुण्याला जायचं तर खोपोलीहून शिंग्रोबाच्या घाटाने जुना रस्ता धरावा लागतो. त्यातच केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे चौपदरी महामार्गावरही दुचाकीची कमाल वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे, शहरात ६०.

उपनगरातला रायडर शनिवारी पहाटे निघतो तो कुठे? बोरिवलीचा माणूस घोडबंदर ओलांडून मनोरमार्गे विक्रमगड, जव्हारला जातो. मुलुंडचा ठाण्याहून कसारा घाट चढतो, नाहीतर मुरबाडवरून माळशेज गाठतो. पुढे घाटघर, भंडारदरा, साम्रद. या रस्त्यांवर वळणं आहेत, खड्डे आहेत, मध्येच गुरं येतात. इथे ताकदीपेक्षा कमी वेगातली ओढ आणि सस्पेन्शन जास्त उपयोगी पडतं. जुन्या ४११ सीसीच्या हिमालयनची ताकद जेमतेम २४.५ बीएचपी आहे, पण तिचं ३२ न्यूटन मीटर टॉर्क खालच्या आरपीएमवरच हाताशी येतं, त्यामुळे घाटात सारखे गिअर बदलावे लागत नाहीत. केटीएमचं ३७३ सीसीचं इंजिन ४३ पीएसहून अधिक ताकद देतं, मात्र ती आरपीएम चढल्यावर. अहमदाबाद महामार्गावर मागे माणूस आणि सामान घेऊन ओव्हरटेक करताना ही ताकद हवीहवीशी वाटते, हे मान्यच आहे. एकट्याने जव्हारच्या कच्च्या वाटांवर हिंडणाऱ्याला मात्र १५४ किलोची एक्सपल्स जास्त सुख देईल. ती आडवी झाली तरी एकट्याने उचलता येते. हिमालयनच्या बीएस६ मॉडेलचं वजन १९९ किलो आहे, आणि ओल्या मातीत हा पंचेचाळीस किलोंचा फरक कंबरेला कळतो.

"किलोमीटर कमी आहेत, म्हणजे गाडी नव्यासारखी"

"फक्त आठ हजार चाललीय" असं ऐकलं की घेणाऱ्याचा अर्धा निर्णय तिथेच होतो. मुंबईच्या हवेत हे वाक्य उलटं तपासायला हवं. इथे चार महिने पाऊस असतो आणि बारा महिने दमट खारी हवा. सहा वर्षांत आठ हजार किलोमीटर म्हणजे गाडी बहुतेक काळ उभीच होती. उभ्या गाडीचं रबर कडक होतं, चेन गंजते, बॅटरी बसते, फोर्कच्या ऑइल सीलला तडे जातात. टाकीत अर्धवट पेट्रोल असेल तर रिकाम्या भागात आतून गंज धरतो. इथेनॉल ओलावा शोषून घेतं, त्यामुळे इथेनॉलमिश्रित पेट्रोल भरून महिनोन्‌महिने उभी ठेवलेली गाडी जास्तच काळजीपूर्वक पाहावी. टाकीचं झाकण उघडून आत टॉर्च मारा.

टायरची कहाणी टायरवरच लिहिलेली असते. बाजूला चार आकड्यांचा कोड असतो. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी कितीही खोल दिसली तरी सहा-सात वर्षं जुना टायर पावसात धोक्याचाच, तो बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्या. भांडुपला सीएटचा कारखाना गेली अनेक दशकं उभा आहे आणि हिमालयनला कंपनीतून येणारे टायरही सीएटचेच असत. टायरच्या तारखेकडे दुर्लक्ष करण्याचं कारण या पट्ट्यातल्या रायडरला तरी नसावं.

मीटरवरचा आकडा बदलता येतो, हेही लक्षात ठेवा. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या प्रत्येक बिलावर तारीख आणि किलोमीटर असतात. ही बिलं ओळीने लावली की आकडा खरा आहे का ते कळतं. बिलं नसतील तर फूटपेगचं रबर, ग्रिप, ब्रेक पेडलची झीज आणि स्प्रॉकेटचे दात पाहा. दात माशाच्या गळासारखे वाकले असतील आणि मीटर सहा हजार दाखवत असेल, तर विक्रेत्याला स्पष्ट विचारा.

"लडाख करून आलेली गाडी नको"

मला ही भीती अर्धीच पटते. मनाली-लेह केलेल्या गाडीचं इंजिन दिवसभर एका लयीत चाललेलं असतं. रोज सकाळी एलबीएस रोडवर मुलुंड ते घाटकोपर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये क्लच दाबत गेलेल्या गाडीच्या क्लच प्लेटा त्यापेक्षा लवकर झिजतात. लांबच्या प्रवासाच्या खुणा वेगळ्या जागी असतात. नाल्यांतून गेलेल्या गाडीचे व्हील बेअरिंग पाहावेत. गाडी मेन स्टँडवर घेऊन चाक दोन्ही हातांनी आडवं हलवावं, खळखळ जाणवली तर बेअरिंग गेले. हँडल मधोमध आणून हळू फिरवताना अडकल्यासारखं वाटलं तर कोन सेट बदलावा लागेल. हिमालयनमध्ये हा भाग आवर्जून तपासा. बॅश प्लेट काढायला लावून इंजिनाचा तळ पाहा, आणि चेसिसच्या वेल्डिंगच्या जागी तडे किंवा नंतर मारलेला रंग आहे का तेही पाहा.

लडाखपेक्षा मला जास्त भीती वाटते ती पाण्यात बुडालेल्या गाडीची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो प्रसंग अपवादात्मक होता. पण अंधेरी सबवे तुंबणं आणि सखल सोसायट्यांच्या तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये पाणी शिरणं दर पावसाळ्यात घडतं. एअर फिल्टरच्या डब्यात सुकलेला गाळ, सीटखालच्या वायरिंगच्या सॉकेटमध्ये हिरवट थर, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ, यांपैकी एक जरी दिसलं तरी ती गाडी सोडून द्यावी. इंजेक्शन आणि एबीएस असलेल्या गाडीत वायरिंगचं दुखणं वर्षभर सतावतं.

उंची, टायर, एबीएस

"माझी उंची साडेपाच फूट, मला ही गाडी नाही झेपणार" असं म्हणून अनेक जण मागे फिरतात. सीटची उंची हा एकच आकडा पुरेसा नाही. हिमालयन ४११ ची सीट ८०० मिलिमीटर, व्ही-स्ट्रॉम एसएक्स आणि बीएमडब्ल्यू जी ३१० जीएसची ८३५, केटीएम ३९० ची ८५५. पण सीट पुढे अरुंद असेल तर पाय सरळ खाली जातात, आणि बसल्यावर सस्पेन्शन दबतं ते वेगळंच. सिग्नलला एक पाय नीट टेकला तरी पुरतं. ट्रायल घेताना मागे माणूस बसवून चढावर थांबून पाहा, खरी परीक्षा तीच आहे.

खडबडीत नक्षीचे टायर लावलेली गाडी दिसायला रुबाबदार असते. ओल्या पेव्हर ब्लॉकवर आणि काँक्रीटवर मात्र त्या टायरचा रस्त्याला टेकणारा भाग कमी असल्याने पकड सुटते. आठवड्याचे पाच दिवस ऑफिस आणि एक दिवस घाट असेल, तर कंपनीतून आलेले मिश्र वापराचे टायरच ठीक. रिमचंही तसंच आहे. अलॉयला ट्यूबलेस टायर बसतो, पंक्चर पाच मिनिटांत निघतं. स्पोकचं रिम खड्ड्यात आपटलं तर आउट काढून घेता येतं, वाकलेल्या अलॉयवर भरवसा ठेवता येत नाही. सेकंडहँड केटीएम घेताना पुढचं चाक हवेत फिरवून रिमची कड डोळ्यांसमोर धरून पाहा.

एबीएसबाबत मी हट्टी आहे. २०१८ च्या मध्यापर्यंतच्या हिमालयनमध्ये एबीएस नव्हतं. त्या गाड्या स्वस्त मिळतात, आणि आपल्या पावसात त्या घेऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. जानेवारी २०२० नंतरच्या बीएस६ हिमालयनमध्ये मागच्या चाकाचं एबीएस हवं तेव्हा बंद करता येतं, कच्च्या रस्त्यासाठी ती सोय चांगली आहे. बीएस४ गाड्या मुंबईत बंद होणार, ही अफवा मात्र मनावर घेऊ नका. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते.

"इतक्याची ॲक्सेसरी लावलीय, किंमत कमी होणार नाही"

पॅनिअर, क्रॅश गार्ड, फॉग लाइट यांवर विक्रेत्याने खर्च केला तो त्याच्या हौशीसाठी. तुम्हाला उपयोग असेल तेवढ्याचेच पैसे द्या. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला असेल तर मूळ सायलेन्सर मागून घ्या, नाहीतर पहिल्याच नाक्यावर दंड भरावा लागेल. फॉग लाइटसाठी वायरिंग कापून जोड दिलेत का तेही पाहा.

किंमत ठरवताना विक्रेत्याने कितीला घेतली यापेक्षा आज नवी कितीला मिळते हे महत्त्वाचं. बीएमडब्ल्यू जी ३१० जीएस २०१८ मध्ये ३ लाख ४९ हजारांना आली, आणि २०२० मध्ये तिचं बीएस६ मॉडेल २ लाख ८५ हजारांना निघालं, म्हणजे नवी जुनीपेक्षा स्वस्त. जीएसटीचंही गणित बदललं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला आणि त्यावरच्यांचा ४० टक्के. म्हणून एक्सपल्स किंवा व्ही-स्ट्रॉम कोणी जुन्या ऑन-रोड किमतीच्या हिशोबाने विकत असेल, तर शोरूमचा ताजा भाव समोर ठेवून बोला.

"पैसे दिले, चावी मिळाली, कागद होतील सावकाश"

सगळ्यात महाग पडते ती ही समजूत. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं : गाडी प्रत्यक्षात कितीही हातांत फिरली असो, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाची. म्हणजे नाव बदलण्याची घाई विकणाऱ्यालाही असायला हवी. फॉर्म २९ आणि ३० दोघांच्या सह्यांनी भरायचे. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन बोजा उतरवून घ्या. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की बोजा, विमा, पीयूसी दिसतं. थकलेली ई-चलानंही आधीच तपासा. एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेट लावलेली आहे का पाहा.

एमएच-०२, एमएच-०३ किंवा एमएच-४७ ची गाडी उपनगरात घेणं सोपं, एमएच-१२ चीही अवघड नाही. परराज्यातली गाडी तीस हजारांनी स्वस्त दिसते, पण ती इथे बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर ना हरकत दाखला, नवा नंबर आणि महाराष्ट्राचा कर भरणं आलं. आधीच्या राज्याकडून कराचा परतावा मागायचा तो वेगळा खटाटोप. तीस हजारांतले किती उरतात, ते कागदावर मांडून पाहा.

विम्याबद्दल दोन गोष्टी माहीत हव्यात. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा आपल्या नावावर करून घ्यावा लागतो, त्यासाठी १४ दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करा. आणि नो क्लेम बोनस गाडीचा नसून माणसाचा असतो. विकणारा तो आपल्या पुढच्या गाडीवर नेतो आणि तुमचा हप्ता तेवढ्याने वाढतो.

एजंटवर हे सगळं सोपवलं तरी चालेल, फक्त शेवटचे पाच-दहा हजार रुपये हातात ठेवा, आणि ॲपवर मालकाच्या रकान्यात तुमचं नाव दिसेल त्या दिवशी ते द्या.